एका पातेल्यातला काढा आणि घरातली सात माणसं

डॉक्टरबाई, नमस्कार. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. मिरगाला जो पाऊस लागतो तो गणपती होईपर्यंत उसंत देत नाही. कपडेसुद्धा चुलीवर दोरी बांधून वाळवावे लागतात. घरात आम्ही सात माणसं. सासूबाई ६८ वर्षांच्या, साखरेची आणि बीपीची गोळी रोज चालू. मामंजींना विडीची सवय, त्यांचा खोकला महिनाभर झाला तरी थांबेना. मालक गाडीवरून रोज उद्यमबागला फौंड्रीत जातात. मुलगी ११ वर्षांची, पावसात तिला धाप लागते, डॉक्टरांनी पंप दिलाय. मुलगा ४ वर्षांचा. नणंद बाळंतपणाला आलीय, तिला पाचवा महिना. आणि मी. मोबाईलवर वाचून जूनपासून रोज सकाळी मोठ्या पातेल्यात काढा करते. सुंठ, मिरी, दालचिनी, लवंग, तुळस, हळद, ज्येष्ठमध, परड्यातली गुळवेल आणि वरून गूळ. सगळ्यांना उपाशीपोटी एकेक पेला. तरी सर्दी-खोकला हटत नाही. उलट मालकांना छातीत जळजळ सुरू झालीय आणि सासूबाईंचं बीपी वाढलंय. काढ्यात काय कमी पडतंय? गुळवेल वाढवू का? शेजारीण म्हणते अश्वगंधा घाल.
– एक वाचक, खानापूर तालुका

ताई,

तुमच्या काढ्यात काहीच कमी पडत नाही. एका पेल्यात नऊ जिन्नस, आणि तोच पेला चार वर्षांच्या लेकरापासून ६८ वर्षांच्या सासूबाईंपर्यंत सगळ्यांना. अडचण तिथे आहे. उद्या सकाळी ते पातेलं चुलीवर चढवू नका. घरातल्या दोन माणसांच्या बाबतीत मला एक दिवसही उशीर नको आहे, म्हणून आधी त्यांचंच सांगते.

सासूबाईंचा काढा आजच बंद. ज्येष्ठमध गोड, घशाला मऊ आणि कोरड्या खोकल्याला खरोखर गुणी आहे. पण त्यात ग्लिसिरायझिन नावाचा घटक असतो. तो रोज पोटात गेला की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर टाकतं आणि रक्तदाब चढतो. बीपी त्यामुळेच वाढलं असं पत्रावरून छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण माझा पहिला संशय ज्येष्ठमधावरच आहे. शिवाय गूळ साखर वाढवतो आणि गुळवेल ती खाली आणते, म्हणजे त्यांच्या साखरेच्या गोळीशी दोन बाजूंनी झटापट चाललेली. गोळ्या मनाने कमी-जास्त करू नका. या आठवड्यात बीपी आणि साखर दोन्ही तपासून घ्या आणि डॉक्टरांना काढ्यातला प्रत्येक जिन्नस सांगा. पायाला सूज, पोटऱ्यांत गोळे किंवा हातापायांत गळाठा असेल तर पोटॅशियमही तपासायला सांगा.

नणंदेचाही काढा बंद. गर्भारपणात ज्येष्ठमध नको. गुळवेल आणि अश्वगंधाही नको. आमटी-भाजीतली हळद, आलं, मिरी, लसूण तिला चालतं. स्वयंपाकाचं प्रमाण आणि औषधाचं प्रमाण यांत फरक आहे. पुढच्या तपासणीला गेल्यावर जूनपासून काय पोटात गेलं ते तिथे सांगायला लावा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, तुम्ही प्रेमानेच दिलंत.

आता गुळवेल. संस्कृतात तिला अमृता म्हणतात, बाजारातला कन्नड दुकानदार अमृतबळ्ळी म्हणून बांधून देतो. दोन्ही नावांत अमृत, म्हणून लोकांना वाटतं कितीही प्या, बाधत नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे पाहिलं गेलं नाही आणि गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत होऊ शकते, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. मी स्वतः गुळवेल देते, जुनाट तापात आणि तापानंतरच्या अशक्तपणात तिचा गुण मी पाहिलेला आहे. पण हा वाद कोणाच्याही बाजूने सुटला तरी घरच्या माणसाला दोन कामं करावीच लागतात: वेल ओळखणं आणि दिवस मोजणं.

परड्यातली वेल नीट बघा. खऱ्या गुळवेलीचं पान हृदयाच्या आकाराचं आणि गुळगुळीत असतं. जुन्या खोडावरची कागदासारखी पातळ साल नखाने सोलली की आत हिरवं दिसतं. खोड आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते आणि वरून दोऱ्यासारखी मुळं लोंबत असतात. खोडावर फोडांसारख्या उठून आलेल्या गाठी असतील, कापल्यावर दुधासारखा चीक येत असेल, तर ती वेल घरात आणू नका. शंका असेल तर पानासकट एक तुकडा घेऊन बेळगावातल्या शहापूरच्या कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालयात जा. वनस्पती ओळखणं हा तिथे शिकवण्याचाच विषय आहे. आणि दिवस मोजायचे म्हणजे गुळवेल कारणाशिवाय नको, आणि कारण असलं तरी वैद्याला विचारून, दोन-तीन आठवड्यांच्या पुढे नाही. ज्यांना कधी कावीळ झालीय किंवा आमवातासारखा, शरीराची ताकद शरीरावरच उलटणारा आजार आहे, त्यांनी ती मनाने मुळीच घेऊ नये. तुम्ही सगळ्यांनी जूनपासून घेतलीय, म्हणून कोणाच्या डोळ्यांत पिवळेपणा, लघवी गडद, अंगाला खाज किंवा अन्नावरची वासना उडालेली दिसली तर लगेच यकृताची तपासणी करा.

अश्वगंधा घालू नका. ती पचायला जड, ताकद देणारी आहे आणि ती पचवणारा अग्नी भर पावसात नसतो. थायरॉईडच्या गोळीशीही तिचं जमत नाही. शेजारणीला राग येणार नाही अशा बेताने सांगा.

मोबाईलवरच्या कुठल्याच कृतीत एक गोष्ट लिहिलेली नसते, ती म्हणजे ही कृती कुठल्या मुलखातल्या माणसासाठी आहे. चरकसंहितेत देशाचे तीन प्रकार सांगितलेत: जांगल, आनूप आणि साधारण. आपल्या एका बेळगाव जिल्ह्यात तिन्ही बघायला मिळतात. अथणीकडे उघडं रान, कोरडा वारा, ज्वारीची शेतं. तो मुलूख जांगलाच्या जवळचा, तिथे वात आणि पित्ताचा जोर. तुमच्याकडे जांबोटी-कणकुंबीला जंगल, भाताची खाचरं, मलप्रभेचा उगम आणि चार महिने न हटणारी ओल. हा आनूप, इथे कफ आणि वाताचा जोर. बेळगाव शहर दोघांच्या मधलं. कणकुंबीतल्या भिजलेल्या माणसाला सुंठ-मिरीचा घोट जो आराम देतो, तोच अथणीच्या माणसाला भाजतो. जिल्हा एक, पावसाळा एक, औषध मात्र एक नाही.

तुमच्या मालकांचंच बघा. ते रात्री आनूपात झोपतात आणि दिवसभर भट्टीसमोर उभे राहतात. अंगात उष्णता साठलेली, त्यात सकाळी रिकाम्या पोटी सुंठ, मिरी, लवंग आणि दालचिनी. छाती जळेल नाहीतर काय होईल? बाजारात दालचिनी म्हणून जी जाड, कडक साल मिळते ती बहुतेक वेळा कॅशिया असते आणि रोज जास्त प्रमाणात तीही यकृताला बरी नाही. त्यांचा काढा बंद करा. सकाळी भाकरी खाऊन घराबाहेर पडू द्या. डब्याबरोबर धने-जिऱ्याचं पाणी द्या: चमचाभर धने आणि अर्धा चमचा जिरे भरडून रात्री तांब्याभर उकळलेल्या पाण्यात टाकायचे, सकाळी गाळायचे. आपल्याकडे कन्नड घरांत धने-जिऱ्याच्या पुडीचा कषाय करतात, तोही त्यांना मानवेल, फक्त त्यात मिरी नावापुरतीच. दोन आठवड्यांत जळजळ गेली नाही तर डॉक्टरांना दाखवा. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असं काही झालं तर पित्त समजून घरी थांबू नका.

ज्याला आपण प्रतिकारशक्ती म्हणतो त्याला आयुर्वेदात व्याधिक्षमत्व हा शब्द आहे. कोणतं शरीर रोगापुढे टिकत नाही याची यादी चरकांनी दिलीय: अति लठ्ठ, अति कृश, दुबळं, न मानवणाऱ्या अन्नावर पोसलेलं, कमी जेवणारं, मनाने खचलेलं. या यादीत अमुक झाडपाला घेतला नाही म्हणून दुबळा, असं कुठेही नाही. सगळा भर अन्न, अग्नी आणि मन यांच्यावर. पावसाळ्याबद्दल ते सांगतात की उन्हाळ्याने आधीच थकलेला अग्नी या दिवसांत आणखी मंदावतो, जमिनीची वाफ आणि आंबट होणारं पाणी तिन्ही दोष बिघडवतात. म्हणून जुनं धान्य खा, पाणी उकळून गार करून प्या, नदीचं पाणी टाळा, दिवसा झोपू नका. हे सगळं तुमच्या घरात बसून करता येतं आणि याला पैसे पडत नाहीत.

तेव्हा काढ्याच्या पातेल्याची जागा पेजेच्या पातेल्याला द्या. नवं नाही, वर्षभर जुन्या तांदळाची पेज, वर चमचाभर तूप आणि जिरं. संध्याकाळी हुलग्याचं माडगं करा, लसूण आणि हिंगाच्या फोडणीचं. हुलगा उष्ण आहे, कफ सोडवतो, तुमच्या आनूपात त्याच्यासारखं दुसरं अन्न नाही. मालकांना मात्र त्याऐवजी मुगाचं कढण. नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला, भरपूर शिजवलेली भाजी. जेवणाआधी आल्याचा पातळ काप सैंधव लावून खाण्याची रीत जुनी आणि उत्तम आहे, पण सासूबाईंना मीठ नको आणि मालकांना सध्या आलंच नको. पाणी खळखळून उकळा, विहिरीचं असो की नळाचं. पावसाळ्यातल्या कावीळ आणि टायफॉईडशी हंडाभर उकळलेलं पाणी जितकं लढतं तितकं कुठलंच चूर्ण लढत नाही.

दह्याबद्दल आपल्याकडे जे चालतं त्याचं मला नेहमी वाईट वाटतं. पावसाळा आला की घरोघरी दही बंद होतं आणि दसरा-दिवाळीच्या उन्हात ताटात परत येतं. चरकांनी दही निंद्य सांगितलंय ते शरद, ग्रीष्म आणि वसंतात. पावसाळ्याचं नाव त्यात नाही. रात्री मात्र कधीच खाऊ नये असं स्पष्ट म्हटलंय. म्हणून ज्याला सर्दी-खोकला नाही त्याला दुपारच्या जेवणात ताजं, आंबट न झालेलं दही किंवा जिरं घातलेलं ताक द्या. आणि ऑक्टोबरच्या उन्हात आवरतं घ्या.

काढा हवाच असेल तर कधी? ज्याला थंडी वाजून सर्दी झालीय, नाक गळतंय, जीभ पांढरी आहे, त्याला, खाल्ल्यानंतर, तीन ते पाच दिवस. २०२० च्या साथीत आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या काढ्यात चारच जिन्नस होते: तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, मिरी १. त्याची ३ ग्रॅम पूड, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, १५० मिलि पाण्यात. घसा साफ झाला की थांबायचं.

लेकीच्या बाबतीत माझं लक्ष काढ्यापेक्षा तुम्ही सहज लिहून गेलात त्या एका वाक्यावर अडकलं: कपडे चुलीवर वाळवता. ओल्या कपड्यांची दमट हवा, चुलीचा धूर आणि मामंजींची विडी, हे तिन्ही एका छपराखाली. धाप लागणाऱ्या पोरीला यापेक्षा वाईट काही नाही. कपड्यांची दोरी पडवीत किंवा तिच्या झोपण्याच्या जागेपासून लांब न्या, विडी उंबऱ्याबाहेर, धूप-उदबत्ती तिच्या खोलीत नको. भिंतीला बुरशी आली असेल तर ती पुसून काढा, पण पोरगी शाळेत असताना. पंप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच चालू ठेवा, बरं वाटलं म्हणून मध्येच तोडू नका. भगुल्यावर पदर घेऊन वाफ देऊ नका. उकळतं पाणी अंगावर सांडून भाजलेली मुलं मी पाहिली आहेत. लहान्याला काढा नकोच. खोकला असेल तर आल्याच्या रसाचे चार थेंब अर्ध्या चमचा मधात पुरे. मध चार वर्षांच्या मुलाला चालतो, पण नणंदेचं बाळ आल्यावर त्याच्या जिभेला वर्षभर मध लावू नका, आज्जी कितीही म्हणाल्या तरी.

मामंजींना मी अडुळसा सांगत नाही, कारण त्याने खोकला दबेल आणि मधले दिवस जातील. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची क्षयासाठी तपासणी करायची असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट होते. महिना झालाय, म्हणून या सोमवारीच त्यांना न्या. घरात गर्भार बाई आणि लहान मूल आहे, हे त्यांच्या कानावर घातलंत की ते नाही म्हणणार नाहीत.

नट्टीची, म्हणजे भातलावणीची, कामं आटोपली असली तरी चिखलात पाय जातातच. ताप येऊन पोटऱ्या ठणकत असतील, डोळे लाल झाले असतील, तर लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखल-पाण्यातून होणाऱ्या तापाचा, संशय धरून डॉक्टरकडे जा. पायाला जखम असेल तर ती झाकूनच खाचरात उतरा. डेंग्यूचा काळ आहे, म्हणून तापात ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनची गोळी दुकानातून आणू नका. तीन दिवस न हटणारा ताप, पोटात सतत कळ, हिरड्यांतून रक्त, धाप, झोपाळलेलं मूल, यांतलं काही दिसलं की घरचं औषध संपलं. फ्लूच्या लसीबद्दल नणंद, सासूबाई आणि मुलगी या तिघींच्या डॉक्टरांना विचारा. मी आयुर्वेदाची आहे आणि तरीही सांगते, विचारा.

पुढच्या महिन्यांचं थोडक्यात. एक ऋतू संपतानाचे सात दिवस आणि दुसरा लागतानाचे सात, या पंधरवड्याला ऋतुसंधी म्हणतात. आजारपणं इथे हमखास येतात, म्हणून खाणंपिणं एकदम बदलू नका, जुनं थोडं थोडं सोडत नवं धरा. आश्विनात ऊन पडलं की पित्त उसळतं. वैद्यांमध्ये गमतीने शरद ऋतूला वैद्यांची आई म्हणतात, इतके रोगी तो पाठवतो. तेव्हा सुंठ-मिरी-हुलगा मागे घ्या आणि पडवळ, दुधी, मूग, तूप पुढे आणा. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात एकच हिरडा सहा ऋतूंत सहा गोष्टींबरोबर सांगितलाय: पावसाळ्यात सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठीबरोबर, शिशिरात पिंपळीबरोबर, वसंतात मधाबरोबर, ग्रीष्मात गुळाबरोबर. जे औषध ऋतूगणिक सोबत बदलतं ते वर्षभर एकाच पातेल्यात उकळायचं नसतं. हिरडा मनाने सुरू करू नका, नणंदेला तर अजिबात नाही. पद्धत कळावी म्हणून लिहिलं.

ताकद कमवायचे दिवस तुळशीच्या लग्नापासून पुढे. त्या लग्नात आपण आवळा ठेवतो, तोच बाजारात ताजा येऊ लागतो, थंडी पडते आणि अग्नी जोमाने पेटतो. तेव्हा मुलांना रोज एक आवळा, कच्चा, उकडून किंवा चटणीत. सासूबाईंना तोच आवळा, पण मोरावळा आणि च्यवनप्राश नको, दोन्हींत साखर खूप. मुलीला च्यवनप्राश सकाळी एक चमचा, पावसाळा सरल्यावर.

सात माणसांपैकी सहांचं झालं. सातव्याबद्दल तुमच्या पत्रात दोनच शब्द आहेत, "आणि मी". वय नाही, दुखणं नाही, काही नाही. सगळ्यांना पेला देऊन तुम्ही काय खाता, किती वाजता खाता, हे मला कळलं नाही, पण चरकांच्या यादीतला कमी जेवणारा माणूस घरात शोधायचा झाला तर मी आधी तुमच्या ताटाकडे बघेन. ज्या दिवशी नणंदेच्या तपासणीला जाल त्या दिवशी तिच्याबरोबर तुमचंही हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि सकाळी काढा उकळायला जी वीस मिनिटं जात होती, त्या वेळात बसून गरम पेज प्या, तूप घालून, सगळ्यांच्या आधी. आकडा किती आला ते कळवा. तुमच्या पत्राची मी वाट बघते.